चारचौघांत, हातात हात

२२ सप्टेंबर १८४० रोजी जॉर्जियातल्या कुताइसी गावी ॲन लिस्टर तापाने वारली. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सची ही जमीनदारीण तेव्हा ४९ वर्षांची होती. बरोबर होती ॲन वॉकर. सहा वर्षांपूर्वी, १८३४ च्या ईस्टरला, दोघींनी यॉर्कच्या एका लहानशा चर्चमध्ये एकत्र प्रभुभोजन घेतलं होतं आणि तेव्हापासून त्या एकमेकींना जन्माची जोडीदारीण मानत होत्या. लिस्टरला डोंगरांचं आणि लांबच्या वाटांचं वेड होतं. १८३८ मध्ये तिने पिरेनीज पर्वतातलं व्हिन्येमाल शिखर गाठलं. १८३९ मध्ये दोघी घरून निघाल्या, मॉस्को मागे टाकून कॉकेशसपर्यंत पोचल्या. वाटेत भेटणाऱ्यांना त्या दोन मैत्रिणी दिसत. खरं काय ते लिस्टरच्या रोजनिशीत होतं, आणि पन्नास लाखांच्या घरात शब्द असलेल्या त्या रोजनिशीचा नेमका तेवढा भाग तिने स्वतः तयार केलेल्या गुप्त लिपीत लिहिला होता.

वॉकर एकटी उरली. परका मुलुख, पुढे हिवाळा. तिने जोडीदारणीचं शव टिकेल अशी व्यवस्था केली, पेटी बरोबर घेतली आणि सारा युरोप ओलांडून ती घरी आणली. २९ एप्रिल १८४१ ला हॅलिफॅक्समध्ये लिस्टरचं दफन झालं. मृत्यूनंतर सात महिन्यांनी. एवढं करून आलेल्या वॉकरला विधवेचा मान कुणी दिला नाही. १८४३ मध्ये नातलगांनी तिला वेडी ठरवून घरातून हलवलं आणि यॉर्कजवळच्या एका मनोरुग्णालयात ठेवलं.

त्या दफनानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, ५ जुलै १८४१ ला, थॉमस कुक नावाच्या सुताराने लेस्टर ते लफबरो अशी एक आगगाडी ठरवली. दारूबंदीच्या सभेला जाणारी सुमारे ५०० माणसं, माणशी एक शिलिंग. गटसहलीच्या धंद्याचा उगम तिथे धरतात. तिकीट दुसऱ्याने काढायचं, वाट दुसऱ्याने शोधायची, अडचण आली तर बोलायला एक माणूस पुढे, आणि आजूबाजूला आपल्यासारखीच माणसं. चाळीस वर्षांनी, १८८१ मध्ये, कुकची कचेरी मुंबईतही उघडली.

लिस्टर आणि वॉकरची वाट कुकच्या वाटेला मिळायला सुमारे एकशेतीस वर्षं लागली. समलिंगी स्त्रीपुरुषांनी मिळून परदेशी जाणं ही आज जगभरच्या पर्यटनातली एक रुळलेली शाखा आहे. तिची वंशावळ लिहायची तर प्रश्न प्रवासाचा नाही, कारण ही माणसं प्रवास करतच होती. प्रश्न सोबतीचा आहे. एकट्यादुकट्याने, नाव लपवून होणारा प्रवास चारचौघांत कधी आला, कसा आला?

एकोणिसाव्या शतकात युरोपचे दोन नकाशे होते, एक राज्यांचा आणि एक फौजदारी कायद्यांचा. फ्रान्सने क्रांतीनंतर १७९१ मध्येच पुरुषांमधले संबंध गुन्ह्यांच्या यादीतून काढले. एकसंध झालेल्या इटलीच्या १८८९ च्या संहितेतही ते कलम आलं नाही. इंग्लंडमध्ये या गुन्ह्याची फाशी १८६१ मध्ये गेली, पण जन्मठेप राहिली, आणि १८८५ मध्ये पार्लमेंटने जाळं आणखी बारीक विणलं; खाजगीतली जवळीकही त्यात सापडू लागली. प्रशियाच्या कलमातून जर्मन साम्राज्याचं १७५ वं कलम आलं. त्यामुळे उत्तरेकडच्या श्रीमंत पुरुषांची पावलं दक्षिणेकडे वळली, ती उन्हासाठी आणि रोमच्या अवशेषांसाठी जेवढी, तेवढीच या दुसऱ्या नकाशासाठी.

लेखक ऑस्कर वाइल्डला एप्रिल १८९५ मध्ये याच इंग्लिश कायद्याखाली पकडलं. त्या दिवसांत डोव्हरला जाणाऱ्या गाड्या आणि कॅलेला जाणाऱ्या बोटी बड्या घरच्या पुरुषांनी भरून वाहत होत्या, असं त्याचा मित्र फ्रँक हॅरिसने लिहून ठेवलं आहे. हॅरिसला तिखटमीठ लावायची सवय होती, हे मान्य. तरी भीती खरी होती. एकाच कारणासाठी निघालेली, एकाच बोटीत बसलेली माणसं, पण त्यांना गट म्हणता येत नाही, कारण प्रत्येक जण शेजाऱ्याची नजर चुकवत होता. वाइल्ड स्वतः थांबला, दोन वर्षं सक्तमजुरी भोगली, सुटल्यावर फ्रान्सला गेला आणि १९०० मध्ये पॅरिसमध्ये वारला.

इटलीतल्या काप्री आणि ताओर्मिनाचा इतिहास या संदर्भात हौसेने सांगितला जातो. मला तो तसा सांगवत नाही. ताओर्मिनात राहून विल्हेल्म फॉन ग्लोडेन हा जर्मन सरदारपुत्र गावातल्या गरीब, कोवळ्या वयाच्या मुलांची नग्न छायाचित्रं काढायचा आणि ती युरोपभर विकली जात. पाहुण्यांकडे पैसा होता, गावाकडे गरिबी. ज्यांना मायदेशी कायद्याने छळलं, त्यांनी इथे दुर्बळांवर आपलं वजन टाकलं. या वंशावळीतला हा भाग झाकून पुढे गेलो तर बाकीचं सांगण्याचा अधिकार राहत नाही.

याच काळात एक वाट आपल्याकडेही येऊन गेली. एडवर्ड कार्पेंटर हा इंग्लिश समाजवादी विचारवंत १८९० मध्ये सिलोन आणि हिंदुस्थान फिरला. त्याच्या प्रवासवर्णनाच्या नावातच मुंबईजवळची घारापुरी आहे. परतल्यावर, १८९१ मध्ये, त्याची आगगाडीच्या डब्यात जॉर्ज मेरिल या कामगार वस्तीतल्या तरुणाशी गाठ पडली. दोघांनी पुढे शेफील्डजवळच्या मिलथॉर्प गावी उघडपणे एकत्र संसार केला. १९१३ मध्ये त्या घरी ई. एम. फॉर्स्टर गेला आणि तिथून परत येऊन त्याने ‘मॉरिस’ ही कादंबरी लिहायला घेतली, जी त्याच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये छापली गेली. हाच फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खाजगी सचिव होता. आपलं मन कुणीकडे आहे, हे त्याने मायदेशी मोजक्या मित्रांनाच सांगितलेलं. देवासला मात्र ते महाराजांपुढे उघड झालं आणि महाराजांनी ते समजुतीने घेतलं, असं त्याच्याच टिपणांत आहे. ती टिपणंही त्याच्या पश्चातच प्रसिद्ध झाली. मराठी संस्थानिकाच्या या शहाणपणाची आठवण आपण ठेवायला हवी, कारण संस्थानाच्या वेशीबाहेरच इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं, असे संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ वं कलम उभं होतं.

त्यानंतरचं नाव माग्नुस हिर्शफेल्ड. या डॉक्टरने १९१९ मध्ये बर्लिनला लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. दूरदूरहून माणसं तिथे येत, कुणी उपचाराला, कुणी अभ्यासाला, कुणी फक्त आपल्यासारखं कुणी असतं का ते पाहायला. बर्लिनच्या रात्रींचं वर्णन पुष्कळांनी केलंय. मला ही संस्था जास्त महत्त्वाची वाटते, कारण समलिंगी माणसाला परदेशात दिवसाढवळ्या जाता येईल असं एक दार तिथे होतं. १९३० मध्ये हिर्शफेल्ड जगप्रवासाला निघाला, १९३१ मध्ये हिंदुस्थानात आला, व्याख्यानं दिली. जर्मनीला मात्र तो परत जाऊ शकला नाही. मे १९३३ मध्ये नाझींनी संस्था लुटली, ग्रंथालय जाळलं. ती होळी त्याने पॅरिसच्या एका चित्रपटगृहात, बातमीपटात पाहिली.

युद्धानंतर प्रवासाचं केंद्र अमेरिकेकडे सरकलं, आणि अमेरिकेने दारावरच पाटी लावली. १९५२ च्या स्थलांतर कायद्याखाली समलिंगी परदेशी माणसाला विकृत व्यक्तिमत्त्वाचा ठरवून सीमेवरूनच परत पाठवता येई; १९६५ मध्ये ते शब्द अधिक स्पष्ट केले गेले. ही तरतूद १९९० पर्यंत टिकली. म्हणजे एखादा डच किंवा ब्राझिलियन माणूस न्यूयॉर्कच्या विमानतळावर खरं बोलला, तर त्याची सुट्टी तिथेच संपू शकत होती. पासपोर्ट, सामान, परतीचं तिकीट, सगळं चोख असूनही सामानात काय सापडेल याची धास्ती राही. एखादं पत्र, एखादं मासिक.

अशा काळात पत्त्यांची पुस्तकं निघाली. बॉब डॅमरन या सॅन फ्रान्सिस्कोच्या बारमालकाने साठीच्या दशकाच्या मध्यावर खिशात मावेल अशी वही छापली. गावागावांतले बार आणि खाणावळी, पुढे खुणेची अक्षरं, बस. १९७० मध्ये ‘स्पार्टाकस’ ही जगभराची मार्गदर्शिका सुरू झाली. दोन्हींनी हजारोंना वाट दाखवली, पण पुस्तकातला पत्ता माणसाला दारापर्यंत नेतो. आत जायचं धाडस एकट्यालाच करावं लागतं, आणि पोलिसांची धाड पडली तर गाडीत बसायलाही एकटंच. काळ्या अमेरिकनांसाठी व्हिक्टर ग्रीन याने १९३६ पासून चालवलेलं ‘ग्रीन बुक’ याच गरजेतून आलं होतं. कुठे झोपता येईल आणि कुठे अपमान होणार नाही, एवढंच विचारणारी डॅमरनची वही आणि ‘ग्रीन बुक’ काही काळ एकाच देशात शेजारी शेजारी छापली जात होती.

कुकची वाट या वाटेला येऊन मिळाली ती सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेच्या ग्रँड कॅन्यनमध्ये. हान्स एबेन्स्टेन हा जर्मनीत जन्मलेला, इंग्लंडमार्गे अमेरिकेत गेलेला सहल-व्यावसायिक. न्यूयॉर्कमध्ये जून १९६९ मध्ये समलिंगींच्या स्टोनवॉल बारवरच्या धाडीनंतर लोक रस्त्यावर उतरले होते आणि त्याला थोडीच वर्षं झाली होती. एबेन्स्टेनने कोलोरॅडो नदीतून तराफ्याने जायची सहल आखली, फक्त समलिंगी पुरुषांसाठी, आणि तसं जाहीर करून. यात जागेची निवड नीट पाहावी. बार नाही, शहर नाही, रात्र नाही. उन्हात, पाण्यात, जिथे पोलीस सोडा, रस्तासुद्धा नाही अशा दरीत, दिवसभर वल्हवणारे आणि संध्याकाळी वाळूवर एकत्र जेवणारे पुरुष. त्यांना तोवर जग फक्त रात्रीच्या अंधारात ठेवत आलं होतं. एबेन्स्टेनने पुढे असेच गट इजिप्तला, ॲमेझॉनला, जगाच्या कानाकोपऱ्यात नेले.

या धंद्याचं एक गणित आहे आणि ते कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. नेहमीच्या बोटीतल्या दोन हजार प्रवाशांत चाळीस समलिंगी प्रवासी असतील, तर ते त्या बोटीतही अल्पसंख्यच. जेवणाच्या मेजावर तीच चोरटी नजर, नाचाच्या दालनात तीच भिंतीलगतची जागा. म्हणून चाळीस खोल्या घ्यायच्या नाहीत, अख्खं जहाज भाड्याने घ्यायचं. पण तसं घेतलं की रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक खोलीचं नुकसान आयोजकाच्या अंगावर. लाखो डॉलर आधी भरायचे, आणि ज्यांनी यावं ते लोक तर आपलं नाव यादीत लागू नये म्हणून जिवाचं रान करणारे. त्यांना विकायचं कसं? जाहिरात कुठे द्यायची? घरी पत्रक जाईल ते पाकीट कसलं असावं? सध्याच्या झगमगाटात हे धाडस विसरलं जातं.

१९८३ मध्ये पंचवीस संस्थापक सभासदांनी समलिंगी प्रवासाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापली. लेस्बियन हा शब्द तिच्या नावात पुढे आला. मिनेसोटाच्या केविन मॉसियरने काढलेल्या आरएसव्हीपी कंपनीचं पहिलं भाड्याचं जहाज १९८६ मध्ये निघालं. साल पाहा. एड्सने गावंच्या गावं रिकामी होत होती. मित्रांच्या मयतीला जाणं हाच कित्येकांचा मुख्य प्रवास झाला होता. १९८७ मध्ये अमेरिकेने एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला बंदी केली. ती जानेवारी २०१० मध्ये उठली. १९९२ ची जागतिक एड्स परिषद याच कारणाने बोस्टनहून ॲम्स्टरडॅमला न्यावी लागली. अशा वर्षांत आठवडाभर समुद्रावर जाऊन नाचणारे पुरुष बेफिकीर होते, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की त्यांतल्या अनेकांना ही आपली शेवटची सुट्टी असू शकते हे पक्कं ठाऊक होतं.

स्त्रियांची वाट वेगळी आली, आणि मला तीच या वंशावळीतली सर्वांत भरीव शाखा वाटते. तिचं मूळ गाण्यात आहे.

१९७३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये काही लेस्बियन स्त्रीवाद्यांनी मिळून ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली, ऑलिव्हिया रेकॉर्ड्स. जवळ भांडवल नाही, धंद्याचा अनुभव नाही. स्त्रियांसाठी मुद्रिका कंपनी का काढत नाही, हा प्रश्न गायिका क्रिस विल्यमसनने एका मुलाखतीत सहज टाकला होता. त्यांनी तो मनावर घेतला. गाणाऱ्या स्त्रिया, वाजवणाऱ्या स्त्रिया, ध्वनिमुद्रणही स्त्रियांचं. १९७५ मधल्या विल्यमसनच्या ‘द चेंजर अँड द चेंज्ड’ या अल्बमच्या लाखो प्रती गेल्या. मोठी दुकानं माल ठेवत नव्हती, तेव्हा गावोगावच्या कार्यकर्त्या मुद्रिकांचे खोके घेऊन बायकांच्या पुस्तकदुकानांत आणि मैफिलींत विकत. मैफिलीला आलेल्या बाईला दिवे लागल्यावर पहिल्यांदा दिसायचं की सभागृहभर आपल्यासारख्या आहेत. त्या काळी लेस्बियन असल्याचं कळलं तर न्यायालय अनेकदा आईकडून मूल काढून घेई. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी शिक्षकांना शाळांतून घालवण्याचा प्रस्ताव मतदानाला आला होता. लोकांनी तो फेटाळला, पण शिक्षिका वर्षानुवर्षं दबूनच राहिल्या.

या संस्थेच्या हातून एक अन्यायही झाला. सँडी स्टोन ही ट्रान्स स्त्री तिथे ध्वनिमुद्रणाचं काम पाहत होती. बाहेरच्या काही स्त्रीवाद्यांनी ती स्त्रीच नाही म्हणून गदारोळ केला, बहिष्काराच्या धमक्या दिल्या. संस्था आधी तिच्या पाठीशी उभी राहिली, तरी शेवटी स्टोनला जावंच लागलं. ज्यांना जगाने बाहेर ठेवलं त्यांनीही आपली दारं किती जपून उघडली, हे यात दिसतं.

ऐंशीच्या दशकात मुद्रिकांचा धंदा आटत गेला. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पंधराव्या वर्धापनदिनाच्या मैफिली झाल्या, आणि त्या सुमारास कुणा श्रोतीने सुचवलं की अशी मैफल पाण्यावर का करत नाही. संस्थेच्या संस्थापकांपैकी ज्युडी डलुगाझने ते धरलं. पंधरा वर्षांत गोळा झालेली पत्त्यांची यादी हाताशी होती; मुद्रिका मागवणाऱ्या, मैफिलीला येणाऱ्या बायकांचे पत्ते. १९९० मध्ये ६०० स्त्रिया घेऊन पहिलं जहाज बहामाला गेलं.

यात नवं काय होतं? लिस्टर आणि वॉकरला जे रोजनिशीच्या गुप्त लिपीत ठेवावं लागलं, ते इथे न्याहारीच्या वेळी घडत होतं. वीस वर्षं एकत्र राहिलेल्या दोन शिक्षिका, ज्यांनी आपल्या गावात एकत्र किराणा आणतानाही अंतर ठेवलं, त्या डेकवर हात धरून चालू शकत होत्या आणि कुणी वळून पाहत नव्हतं. कुणी वळून पाहत नाही, ही चैन ज्यांना जन्मतः मिळते त्यांना तिची किंमत कळणं अवघड आहे. वेगळी सहल कशाला हवी, सगळ्यांत मिसळून जावं, असं म्हणणारे भेटतात. आपल्याकडे फक्त बायकांच्या सहली केव्हाच रुळल्या. पन्नाशीची बाई तिथे पहिल्यांदा जीन्स घालते, मनसोक्त हसते, आणि त्यात कुणाला फुटीरपणा दिसत नाही. मग इथेच तो का दिसावा?

जहाज समुद्रात असेतो ठीक. बंदर आलं की दुसऱ्याचा कायदा सुरू होतो. या प्रवासाचा सार्वजनिक इतिहास धक्क्यांवर घडला.

पुरुषांसाठी सहली काढणाऱ्या अटलांटिस या कंपनीने ‘लीवर्ड’ हे जहाज सुमारे ९०० प्रवाशांसाठी घेतलं होतं. १९९८ च्या फेब्रुवारीत ते केमन बेटांवर थांबायचं होतं. बेटांच्या सरकारने आधीच कळवलं, येऊ नका. या गटाच्या वागणुकीची खात्री देता येत नाही. एकाही प्रवाशाने अजून पाऊल ठेवलेलं नव्हतं. केमन बेटं ब्रिटनच्या ताब्यातली, म्हणून प्रश्न लंडनला गेला. खुद्द इंग्लंडमध्ये १९६७ मध्येच प्रौढांच्या खाजगी संबंधांपुरता हा गुन्हा पुसला गेला होता, तरी कॅरिबियनमधल्या पाच ब्रिटिश प्रदेशांत जुनी कलमं तशीच होती. मानवी हक्कांच्या करारामुळे ब्रिटनवर आधीपासून दबाव होताच. जहाजाने तो वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आणला. स्थानिक विधिमंडळं हलेनात तेव्हा ब्रिटनने स्वतःच्या आदेशाने ती कलमं रद्द केली, १ जानेवारी २००१ पासून. सहलीला निघालेल्या ९०० माणसांच्या मनात कायदा बदलायचं नव्हतं. त्यांना पोहायचं होतं.

बहामातही त्याच वर्षी काही धर्मगुरूंनी अशा जहाजांविरुद्ध आवाज उठवला. तिथले पंतप्रधान ह्युबर्ट इंग्रहॅम यांनी मात्र जाहीर निवेदन काढून त्या द्वेषाबद्दलच चिंता व्यक्त केली. सप्टेंबर २००० मध्ये तुर्कस्तानच्या कुशादासी बंदरात सुमारे ८०० प्रवाशांना पोलिसांनी माघारी पाठवलं. त्यांना जवळचं एफिससचं प्राचीन नगर पाहायचं होतं. पुढे इस्तंबूलमध्ये उतरू दिलं. २०१२ मध्ये कॅसाब्लँकाचा थांबा ऐनवेळी गळाला. 

२००४ च्या जुलैत न्यूयॉर्कहून निघालेल्या ‘नॉर्वेजियन डॉन’ या जहाजावर पहिल्यांदा पोरंबाळं होती. रोझी ओडॉनेल या अभिनेत्रीच्या कुटुंबाने आणि त्यांच्या सहकाऱ्याने काढलेली ही सहल समलिंगी पालकांसाठी होती. नसाऊच्या धक्क्यावर निदर्शक घोषणा देत होते आणि त्यांच्यासमोरून लहान मुलं आपल्या दोन आयांचे, दोन बाबांचे हात धरून उतरली.

भारतात ही शाखा उशिरा फुटली, कारण कलम ३७७ डोक्यावर होतं. ऑलिव्हियाचं जहाज निघालं त्याच १९९० साली अशोक राव कवींनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींसाठीचं नियतकालिक सुरू केलं. पुढे मुंबईतल्या गटांनी छोट्या सहली आणि ट्रेक काढले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाच्या आसपास दिल्लीत समलिंगी पर्यटकांसाठी पहिल्या प्रवास कंपन्या उभ्या राहिल्या, पण त्यांचं गिऱ्हाईक बहुतेक परदेशी. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम परत आणलं. ६ सप्टेंबर २०१८ ला ते, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं, गेलं. त्या लढ्यातल्या याचिकाकर्त्यांत हॉटेल व्यावसायिक केशव सुरीही होते. १७ ऑक्टोबर २०२३ ला न्यायालयाने लग्नाचा हक्क नाकारला. म्हणजे आज मराठी जोडपं परदेशी निघालं तर मायदेशी ते गुन्हेगार नाही आणि कागदावर जोडपंही नाही.

अशी बरीच जोडपी अजूनही नेहमीच्या गटसहलीनेच जातात. खर्च बसतो, आईवडिलांना सांगता येतं, जेवायला पोळीभाजी मिळते. खोल्यांच्या यादीत ‘ट्विन शेअरिंग’ लिहिलं की दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी एका खोलीत, कुणाला शंका नाही. अवघड असते ती पहिली संध्याकाळ. सगळे गोलाकार बसतात, ओळखपरेड होते, एकेक जोडपं उठून कुठे भेटलो ते सांगतं, टाळ्या पडतात. मग कुणीतरी प्रेमानेच विचारतं, “काय गं, तुझं लग्न कधी?” शेजारी अकरा वर्षांपासूनची जोडीदारीण बसलेली असते.

आणि त्यांच्या वाटेतही तो दुसरा नकाशा आहेच. आपल्याकडे भरपूर खपणारी परदेशी सहल म्हणजे सिंगापूर, मलेशिया, थायलंड. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष कायद्याने लग्न करू शकतात. सिंगापूरने पुरुषांना लागू असलेलं ३७७ अ कलम जानेवारी २०२३ मध्ये रद्द केलं. मलेशियात मात्र ३७७ अजून आहे, वीस वर्षांपर्यंतची कैद आणि फटके यांच्यासह. ते तिथे आपल्याकडूनच गेलं. इंग्रजांनी हिंदुस्थानची दंडसंहिता १८७१ मध्ये मलाक्का, पेनांग आणि सिंगापूरच्या वसाहतींत नेली. सिंगापूरहून जोहोरला जाणारी बस किलोमीटरभराचा सेतू ओलांडते आणि बसमधलं असं जोडपं तेवढ्या वेळात एका कायद्यातून दुसऱ्यात जातं. सहलीआधीच्या बैठकीत सिंगापूरला च्युइंगम नेऊ नका, अमुक औषधाची चिठ्ठी जवळ ठेवा, असं टूर मॅनेजर आवर्जून सांगतो. कुठल्या देशात कुणाला धोका आहे, हेही त्याच बैठकीत, त्याच आवाजात, कुणाकडे न पाहता सगळ्यांना सांगावं. आणि ओळखपरेडीत लग्नाऐवजी गाव विचारावं.